दहावा फलक

आंबेडकर जयंतीच्या प्रदर्शनाचे नऊ फलक गुरुवारीच हॉलवर गेले होते. रंग ओला होता म्हणून दहावा तेवढा घरी राहिला होता. शुक्रवारी सकाळी चहाचा कप घेऊन द्रौपदी दिवाणखान्यात आली, समोर तो दिसला, आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

सोफ्याला टेकून उम्म बखीत बसली होती. म्हणजे तिचं चित्र. तृप्तीने ते काढलं होतं मात्र असं की म्हातारी आता हाक मारून कॉफी मागेल. काळाभोर तुकतुकीत चेहरा, गालावरच्या बारीक सुरकुत्या, जांभळ्या मखमलीचा तो ओमानातल्या सलालाहचा मागून लांब घोळणारा पायघोळ झगा, आणि डोळ्यांत तिचा तो नेहमीचा मिश्कीलपणा. चित्राखाली इंग्रजी मजकूर होता, त्याच्याखाली भीमरावांच्या टपोऱ्या अक्षरात मराठी. वरळीच्या भिंती रंगवून रंगवून घडलेलं नवऱ्याचं ते अक्षर द्रौपदीने बत्तीस वर्षं पाहिलं होतं. तिने चष्मा लावला.

'उम्म बखीत, सलालाह. हिच्या आईला सात वर्षांची असताना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतात घालून आणलं आणि इथे विकलं. ही स्वतः धन्याच्या घरी जन्मली. हिच्या घराण्याचं आजचं आडनाव त्या धन्याचं आहे. गुलामीचा इतिहास दूर अमेरिकेत नाही, आपल्या शेजारी आहे. तो सांगायला लाजू नका.'

चहाचा कप तिने जपून टीपॉयवर ठेवला, तरी बशीत सांडलाच.

"तृप्ती!" तिने हाक मारली. "अगं तृप्ती! आधी इकडे ये!"

तृप्ती केस पुसत बाहेर आली. पंचवीस वर्षांची झाली होती, अमेरिकेत एक वर्ष चित्रकला शिकून आली होती, पण अंगावर अजून भावाचा जुना टी-शर्ट. आईचा चेहरा बघून तिला वाटलं, चित्र आवडलं.

"कसंय? Be honest हं. बाबा म्हणाले, दहामधलं हे बेस्ट आहे."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"काय?"

"हे. गलबत, धनी, विकलं. कोणी सांगितलं?"

"तूच तर! मी चौथीत होते तेव्हा. ती सुनैना मला बोलली होती, तुमच्या ताटात आमची मम्मी जेवू देत नाही, आणि मी रडत घरी आले होते. तेव्हा तू मला ही story सांगितलीस. आठवत नाही?"

आठवत होतं. चांगलंच आठवत होतं. पोरगी हुंदके देत होती आणि तिला गप्प करायला दुसरं काही सुचेना, म्हणून द्रौपदीने सांगितलं होतं की बघ, उम्म बखीतच्या आईला तर बाजारात विकलं होतं, तरी ती कशी राणीसारखी चालते. बाई शहाणी असती तर तिथेच पुढे 'हे कुणाला सांगू नकोस' असं म्हणाली असती. तेवढंच नेमकं राहून गेलं होतं.

"आज संध्याकाळी बखीत येणार आहे," द्रौपदी म्हणाली. "प्रमुख पाहुणा म्हणून."

"मग? तेच तर surprise आहे ना! त्याच्या आईचं portrait!"

"अगं, आणि तो एकटा येणार नाही. त्याच्या झुवैनाच्या लग्नाची बोलणी चालली आहेत. लांब उत्तरेतून, इब्रीहून नवऱ्या मुलाचे वडील आणि काका आलेत, त्यांना घेऊन येणार आहे. आपल्या इंडियन दोस्तांनी किती मान दिलाय ते त्यांना दाखवायला. त्या इब्रीवाल्यांना यातलं काही माहीत नाही, तृप्ती."

तृप्तीचा हात केसांतच राहिला. पण क्षणभरच. ती बापाची लेक होती.

"आई, त्यांना हे चालत नसेल तर अशा घरात झुवैनाने लग्न का करावं?"

"ते झुवैनाने ठरवायचं. आपण ठरवणारे कोण?"

एवढ्यात भीमराव बाजारातून केळी आणि फुलं घेऊन आले, मागोमाग सतीश. सतीश आदल्या दिवशीच मस्कतहून विमानाने आला होता. तिथे एका विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. दरवर्षी जयंतीला यायचा, बापाच्या पाया पडायचा, हॉलमध्ये मागच्या रांगेत बसायचा आणि शनिवारी परत जायचा. मस्कतच्या त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर नुसतं 'सतीश बी. एच.' असं होतं. 'होवाळ' हे आडनाव त्याने दोन अक्षरांतही पुरतं येऊ दिलं नव्हतं. भीमराव त्यावरून त्याला टोमणे मारून थकले नव्हते.

द्रौपदीने दोघांनाही फलकापुढे उभं केलं आणि काय झालंय ते सांगितलं. उम्म बखीतला दिलेला शब्द आपण मोडला, हेसुद्धा सांगितलं. सांगताना तिला उभंही राहवेना आणि बसवेना. ती सोफ्याचं कव्हर ओढून सारखं करत होती, ते तिच्या हातून पुन्हा पुन्हा निसटत होतं.

भीमरावांनी फुलांची पिशवी खाली ठेवली.

"मग त्यात एवढं काय? खरं आहे ना ते? खोटं लिहिलंय का मी?"

"खरं आहे म्हणून तर."

"द्रौपदी, एकोणीसशे बाहत्तर साली आम्ही वरळीत पँथर झालो. नाव कुठून घेतलं? अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून. त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं, आम्ही काळे आहोत. त्यांचं बघून आम्ही सांगितलं, आम्ही हे आहोत, या जातीत जन्मलो, आता काय करायचं ते करा. बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं होतं, का लिहिलं? एकाच दुखण्याची माणसं म्हणून. लपवत बसलो असतो तर आज या सलालाहच्या पोर्टात क्रेनच्या इंजिनियरची खुर्ची नशिबात आली असती का?"

"बाबा, लपवणं आणि न सांगणं यात फरक असतो," सतीश म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. सतीशने जयंतीच्या दिवशी बापापुढे तोंड उघडावं, हे नवीनच होतं.

"तू बोलू नकोस," भीमराव म्हणाले. "तुला तर आपलंच नाव सांगायची शरम वाटते."

"वाटते. कधी कधी वाटते. पण ते माझं मी बघतो ना? उद्या कुणी माझ्या ऑफिसच्या नोटीस बोर्डावर माझी जात लावली आणि वर म्हणालं, लाजू नकोस, तर तुम्ही त्याच्या गळ्यात हार घालणार का?"

"दादा, that's not the same!" तृप्ती म्हणाली. "हे celebration आहे. नऊ panels बघ ना, अमेरिकेतल्या काळ्या माणसांचे. ती गाणारी बाई, जिला हॉटेलच्या मागच्या दाराने आत घ्यायचे आणि समोर स्टेजवर गायला लावायचे. तो फोटोग्राफर, ज्याने मोर्च्यातल्या पोरांवर सोडलेले कुत्रे जगाला दाखवले. त्या खेड्यातल्या बायका, ज्यांच्या गोधड्या आज म्युझियममध्ये आहेत. कुणीच काही बोललं नसतं, तर आपल्याला काय कळलं असतं?"

"त्यांनी स्वतः सांगितलं, तृप्ती."

"आणि उम्म बखीत स्वतः सांगणार आहे कधी? पंचाहत्तर वर्षांची आहे ती! उद्या ती गेली की खलास. कुणाला कळणारही नाही की तिची आई होती."

पोरीचं म्हणणं सगळंच चूक नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

शेवटी तृप्तीनेच तोड काढली, तीही तोरा न सोडता. "ओके. तू जाऊन विचार तिला. ती नको म्हणाली तर मी फलक लावणार नाही. पण तू तिला नीट सांग, यात काय आहे, आणि का आहे. घाबरवून 'नको' म्हणायला लावू नकोस."

"विचारून येते," द्रौपदी म्हणाली.

"आणि कार्यक्रमपत्रिकेत 'दहा चेहरे' असं छापलंय," भीमराव मागून म्हणाले. "नऊ नाही. तेवढं लक्षात ठेवून विचार."

*

सतीशने गाडी काढली. उम्म बखीत राहायची त्या हाफाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना नारळ आणि केळीच्या बागा, मधेमधे शहाळ्यांची दुकानं. एप्रिलचं ऊन होतं. पावसाळी धुकं यायला अजून दोन महिने होते आणि हवेत नुसता चिकट दमटपणा होता. जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली होती, त्यामुळे रस्ते रिकामे होते.

"तुला एवढं कशाचं टेन्शन आलंय, आई?" सतीशने विचारलं. "उम्म बखीत तुला काही बोलणार नाही. तुझ्यावर जीव आहे तिचा."

"म्हणूनच," द्रौपदी म्हणाली आणि खिडकीची काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली.

तिला त्याला सांगता आलं नाही. सतीशला काय, कुणालाच तिने कधी सांगितलं नव्हतं, एक उम्म बखीत सोडून.

तृप्ती झाली ते एकोणऐंशी साल. द्रौपदीला सलालाहला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पोरीला कावीळ निघाली म्हणून आठ दिवस हॉस्पिटलात राहावं लागलं. ना सासू, ना आई, ना बोलायला माणूस. शेजारच्या खाटेवर बखीतची बायको सलमा, झुवैनाला घेऊन. तिची सासू उम्म बखीत दिवसभर तिथे असायची. तरुणपणी तिने इथल्या एका कच्छी व्यापाऱ्याच्या घरी काम केलं होतं, तिथेच मोडकंतोडकं हिंदी शिकली होती. तिने सुनेसाठी आणलेल्या भातातला अर्धा भात द्रौपदीपुढे ठेवला आणि विचारलं, "तेरी माँ किधर?"

त्या एका प्रश्नाने द्रौपदी फुटली. आठ दिवसांची ओली बाळंतीण, बांध राहिलाच नाही. तिने सगळं सांगून टाकलं. शाळेच्या दाखल्यात ज्यांचं नाव आई-बाप म्हणून आहे ते तिचे मामा-मामी. आई वेगळीच. आईचं नाव हिराबाई. आठव्या वर्षी तिच्या डोक्यात जट आली म्हणून घरच्यांनी तिला यल्लम्माला सोडली. देवाला सोडलेल्या बाईचं लग्न होत नाही, पोरं मात्र होतात. तसं द्रौपदी झाली. मामाने तिला आपली म्हणून वाढवली, शिकवली, भीमरावांसारख्या चळवळीतल्या शिकल्यासवरल्या मुलाला दिली. लग्नात हिराबाई मांडवाच्या अगदी मागे उभी होती, आणि भीमरावांना सांगितलं गेलं, ही मुलीची मावशी.

उम्म बखीतने सगळं ऐकून घेतलं होतं. मग तिने आपल्या आईचं सांगितलं. कुणी मोठ्या मनाने आपल्या ताटातला घास वाढावा, तसं. तुझं एक माझ्यापाशी, माझं एक तुझ्यापाशी.

आणि त्यातलं एक आज सोफ्याला टेकून उभं होतं.

*

बखीत नमाजाला गेला होता. झुवैना आत पाहुण्यांच्या जेवणाच्या गडबडीत होती. तिने द्रौपदीला गालाला गाल लावून आत घेतलं, लोबानची धुनी तिच्या पदरावरून फिरवली, कॉफी आणि खजूर पुढे ठेवले आणि "संध्याकाळी मी पण येतेय, खाला," असं हसत सांगून आत पळाली. तिच्या हातांवर मेंदी होती. द्रौपदीला ती मेंदी बघवेना.

उम्म बखीत गालिच्यावर लोडाला टेकून बसली होती. द्रौपदी तिच्यासमोर बसली. कॉफीचा इवलासा पेला तिने दोनदा उचलला आणि दोनदा ठेवला.

"क्या हुआ?" म्हातारीने विचारलं. "पैर में चींटी है क्या? बैठ ठीक से."

द्रौपदीने सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं. तृप्तीला आपण कधी सांगितलं, तिने चित्र कसं काढलं, ते कुणाच्या चित्रांशेजारी लागणार आहे, त्या माणसांनी काय काय सोसलं आणि त्यातून काय काय घडवलं. तृप्तीला कबूल केलं होतं म्हणून तिची बाजूसुद्धा मांडली, की पोरगी म्हणते, नाही सांगितलं तर तुझ्या आईचं नावही उरणार नाही.

"लिखा क्या है? पूरा बोल."

द्रौपदीने मजकूर हिंदीत सांगितला. आवाज खाली करून, आतल्या दाराकडे बघत.

उम्म बखीतने एक खजूर उचलून तोंडात घातला. मग म्हणाली, "सात साल की नहीं थी. पाँच साल की थी."

"मैं गलत बोली."

"हाँ. गलत बोली." म्हातारीने खजुराची बी बशीत टाकली. "और ये भी गलत है कि हम लाज करते हैं. मेरे को लाज नहीं. हाफा में सबको मालूम है. दुकानवाले को मालूम, मस्जिदवाले को मालूम. कोई बोलता नहीं, बस. तुम बोलोगे तो वो बात उठके झुवैना के साथ ससुराल जाएगा. वो मेरे को नहीं मंगता."

"नहीं लगाएँगे. खलास. मैं अभी जाकर..."

"सुन." उम्म बखीतने तिचा हात धरला. तिचा हात उबदार होता आणि पकड घट्ट. "तू मेरे को तेरी माँ का बोली थी. उस दिन अस्पताल में. मैं किसको बोली? बखीत को नहीं बोली. सलमा को नहीं बोली. तेरा मरद इस घर में कितनी बार खाना खाया, उसके सामने मुँह से नहीं निकला. पच्चीस साल."

द्रौपदीला मान वर करता येईना. तिला म्हातारीने रागवायला हवं होतं, चार शब्द सुनावायला हवे होते, म्हणजे भार हलका झाला असता. उम्म बखीत रागावली नाही. तिने एवढं सांगितलं आणि हात सोडला.

"वो मेरा बात है, द्रौबदी. मैं देगी तो देगी. किसी दिन तृप्ती को बुलाकर मैं खुद देगी, इन्शाल्ला. पाँच साल का देगी, सात साल का नहीं." आणि मग एकदम, नेहमीच्या डोळ्यांनी, "तस्वीर में मैं कैसी दिखती?"

"बहुत अच्छी. एकदम जैसी है वैसी."

"तो तस्वीर इधर भेज. शादी के बाद. मेरा है."

द्रौपदी उठली. गाडीत बसल्यावर सतीशने विचारलं, "काय म्हणाली?" तेव्हा ती फक्त "नको म्हणाली" एवढंच म्हणाली आणि हाफा संपेपर्यंत रडली. आईला असं रडताना सतीशने कधी पाहिलं नव्हतं. तो गाडी हळू चालवत राहिला.

*

चार वाजता हॉलवर सगळ्यांची एकच धांदल उडाली होती. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या प्रतिमा स्टेजवर मांडून झाल्या होत्या, माईकवाला "हॅलो, हॅलो" करत होता, बायका खिरीचं पातेलं कुठे ठेवायचं यावर हुज्जत घालत होत्या. पाच वाजता पाहुणे येणार होते.

डावीकडच्या भिंतीवर नऊ फलक ओळीने लागले होते आणि दहाव्याच्या जागी दोन मोकळे खिळे होते. तृप्तीने चित्र कापडात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवलं होतं. तिने शब्द पाळला होता, पण डोळे लाल होते. ती आईशी बोलत नव्हती.

"इथे काय लावायचं आता?" भीमराव खिळ्यांखाली उभे राहून म्हणाले. "बाबासाहेबांची एखादी तसबीर लावू?"

"लावा काहीही," तृप्ती म्हणाली. "भोक बुजवायचंय ना फक्त."

द्रौपदी फलकांपुढून एकदा या टोकाला गेली, एकदा त्या. सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. गाणारी बाई. फोटोग्राफर. तुतारी वाजवणारा. पुतळे घडवणारी, जिला वर्गाच्या बाहेर बसून शिकावं लागलं होतं. गोधड्या शिवणाऱ्या बायका. यातलं प्रत्येक माणूस आपलं आपण बोललं होतं. गाऊन, शिवून, कोरून, पण आपलं आपण. दुसऱ्याचं तोंड उसनं घेतलं नव्हतं कुणी. आणि आपण? आपण पंचवीस वर्षं आपल्या तोंडाला कुलूप लावलं आणि दुसरीचं दार उघडून दिलं.

"कोरा बोर्ड आहे का एखादा?" तिने विचारलं.

"आहे एक जास्तीचा, पांढरा मारलेला," भीमराव म्हणाले. "का?"

"टांगा तो. आणि ब्रश घ्या. मी सांगते ते लिहा."

भीमरावांना वाटलं, हिला सुचलं काहीतरी, बरं झालं. त्यांनी बोर्ड खिळ्यांवर अडकवला, काळ्या रंगाचा डबा उघडला, बाह्या सरसावल्या. भिंतीपुढे ब्रश घेऊन उभे राहिले की अजूनही ते पंचविशीतले दिसायचे.

"हिराबाई," द्रौपदी म्हणाली. "गाव गडहिंग्लजकडचं."

भीमरावांनी लिहिलं, मग थांबले. "हिराबाई म्हणजे? तुझी हिरामावशी?"

"लिहा. आठव्या वर्षी हिला देवीला सोडली."

त्यांनी लिहिलं. तृप्ती हळूच जवळ येऊन उभी राहिली. सतीश माईकवाल्याजवळ होता, तोही आला.

"ही जोगवा मागायची. गळा गोड होता. पाच गावांत हिच्यासारखं गाणारं कुणी नव्हतं. लिहिलंत? हिला एक मुलगी झाली. मुलीला बापाचं नाव नव्हतं, म्हणून भावाने ती आपली म्हणून शाळेत घातली."

ब्रश बोर्डावरून उचलला गेला.

"मुलीचं नाव द्रौपदी," ती म्हणाली.

हॉलमध्ये माईक किंचाळत होता, खिरीच्या पातेल्याचा वाद मिटला नव्हता. भीमरावांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

"बत्तीस वर्षं," ते म्हणाले. "बत्तीस वर्षांत मला सांगितलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"भीती वाटली म्हणून. सुरुवातीला लग्न मोडेल म्हणून. नंतर तुम्ही कायम माझ्याकडे दयेने बघाल म्हणून."

"आई," सतीश दबक्या आवाजात म्हणाला, "हे घरी बोलू ना. माझ्या ऑफिसातले दोघं येणार आहेत. सगळी माणसं येणार आहेत."

"हो, घरी बोलू, द्रौपदी," भीमरावांनी ब्रश डब्याच्या काठावर ठेवला. "हे आज नको. समाज जमणार इथे. लोक काय वाटेल ते बोलतील, तुझ्याबद्दल, तिच्याबद्दल. मी पुसतो हे. ओलं आहे तोवर निघेल."

"बाबा, हात लावू नका!" तृप्ती मधे येऊन उभी राहिली. सकाळी बापाच्या बाजूने होती ती, आता आईला खेटून. "आई, तुझी खरंच इच्छा आहे? कुणी force नाही केलंय तुला. मी तर अजिबात नाही. तू नको म्हण, मी आत्ता हा बोर्ड काढते."

"माझी इच्छा आहे," द्रौपदी म्हणाली. "माझी आई आहे, मी सांगणार. तिला मी जन्मभर मावशी म्हणाले. एकदाही आई म्हणाले नाही. तुम्ही लिहा, नाहीतर तृप्तीला लिहू दे, तिचं अक्षर कोंबडीच्या पायाचं असलं तरी चालेल."

तृप्ती रडता रडता हसली. भीमराव हसले नाहीत. त्यांनी मोडक्या अक्षरात आपल्या समाजाची भिंत कधी रंगवू दिली नव्हती. त्यांनी ब्रश पुन्हा उचलला.

"सांग," ते म्हणाले.

"एकोणीसशे शहाऐंशी साली मुलगी सुट्टीवर वरळीला आली होती, तेव्हा हिराबाई तिला भेटायला आली. एसटीने दिवसभराचा प्रवास करून आली. डोक्यात जट होती. आधी जट काप, मग घरात पाय ठेव, असं सांगून तिला दारातून परत पाठवलं."

भीमराव लिहीत होते. बत्तीस वर्षांत त्यांची एकही रेघ वाकडी गेली नव्हती, ती 'दारातून' लिहिताना गेली. त्यांना तो दिवस आठवत होता, हे त्यांच्या पाठीवरूनही दिसत होतं. जोत्यावरची ती हडकुळी म्हातारी, हातात पिशवी, आणि आपण चौकटीत उभं राहून दिलेलं अंधश्रद्धेवरचं भाषण. चाळीतल्या पोरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या. द्रौपदी आत मोरीपाशी उभी राहिली होती, आणि बाहेर आली नव्हती.

"पुढच्या वर्षी ती वारली," द्रौपदी म्हणाली. "झालं. एवढंच."

भीमरावांनी तेही लिहिलं. मग दोन पावलं मागे सरकून सगळं वाचलं, पहिल्या ओळीपासून. त्यांचे ओठ हलत होते.

"परत पाठवलं," ते म्हणाले. "कोणी, ते राहिलं."

"ते मी नाही सांगणार."

"का?"

"आईचं सांगितलं, माझं सांगितलं. ती दोन्ही माझी. तुमचं नाव माझं नाही. ते सांगायचं की नाही, तुम्ही बघा."

बाहेर गाड्यांची दारं लागली. "बखीतभाई आले, इब्रीवाले पण आहेत सोबत," कुणीतरी दारातून ओरडलं, "भीमरावसाहेब, यल्ला, हार घ्या!" सतीशने हाराचं ताट उचललं आणि बापाकडे बघितलं. भीमराव वळले नाहीत. "तू घाल," ते सतीशला म्हणाले. "आपलं पूर्ण नाव सांग आणि घाल."

मग त्यांनी ब्रश रंगात बुडवला, काठावर निथळू दिला, आणि 'दारातून'च्या आधी थोडी जागा उरली होती तिथे, वरच्या बाजूला, बारीक पण नीट वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं, 'जावई भीमराव होवाळ याने.'